एका सहीसाठी संप

स्वीडनमध्ये टेस्लाचा मोटारींचा कारखाना नाही. तिथे आहेत ती विक्रीची दालनं आणि दुरुस्तीची वर्कशॉप. तरीही २७ ऑक्टोबर २०२३ रोजी 'इफ मेटाल' या संघटनेने तिथल्या मेकॅनिकांचा संप पुकारला आणि दोन वर्षं पूर्ण झाली तेव्हाही सुमारे ७० जण कामावर परतले नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, भांडण पगारवाढीचंच असणार. पहिला गैरसमज इथेच होतो.

मागणी एकच आहे: कंपनीने सामूहिक करारावर सही करावी. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही. पगार, निवृत्तिवेतन, विमा हे सगळं संघटना आणि मालक समोरासमोर बसून ठरवतात आणि दहातले जवळपास नऊ कामगार अशा एखाद्या कराराखाली येतात. १९३८ मध्ये दोन्ही बाजूंच्या शिखर संघटनांनी सॉल्टशोबादेन इथे समझोता केला, तेव्हापासून ही घडी बसलेली आहे. टेस्ला म्हणते, आम्ही कराराइतकंच किंवा त्याहून जास्त देतो, मग सही कशाला? कारण कंपनीने आपणहून दिलेलं कंपनी आपणहून काढूनही घेऊ शकते. करारातलं कलम बदलायचं तर कामगारांशी बोलावंच लागतं.

हा मूठभर मेकॅनिकांचा हट्ट आहे, असंही म्हटलं जातं. टेस्लाचे सगळे मेकॅनिक संपात उतरले नाहीत, हे खरं. बरेच जण काम करत राहिले, कंपनीने बाहेरून माणसंही आणली. पण गोदी कामगारांनी टेस्लाच्या गाड्या जहाजांवरून उतरवायला नकार दिला. इलेक्ट्रिशियनांनी तिच्या चार्जिंग स्टेशनांची दुरुस्ती सोडली. टपाल कर्मचाऱ्यांनी नव्या गाड्यांच्या नंबर प्लेट पोचवणं बंद केलं, तेव्हा टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी हा वेडेपणा असल्याचं जाहीरपणे लिहिलं आणि कंपनी कोर्टात गेली. डेन्मार्क, नॉर्वे आणि फिनलंडमधल्या संघटना पाठीशी उभ्या राहिल्या. 'पेन्शनडॅनमार्क' या डॅनिश निवृत्तिवेतन निधीने टेस्लाचे शेअर विकून टाकले. दुसऱ्याच्या संपाला असा पाठिंबा देणं स्वीडनमध्ये कायदेशीर आहे. एका मोठ्या कंपनीला कराराविना धंदा करता आला तर उद्या दुसरीही तेच करील, ही भीती त्यामागे आहे आणि ती रास्त आहे.

अमेरिकेतल्या टेस्लात युनियन नाही, म्हणजे कामगारांनाच ती नको असणार, असाही निष्कर्ष काढला जातो. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात युनियनसाठी मतदानच झालेलं नाही, मग कामगारांनी ती नाकारली असं कसं म्हणणार? 'युनायटेड ऑटो वर्कर्स', म्हणजे यूएडब्ल्यू, या संघटनेने २०१७ मध्ये तिथे बांधणी सुरू केली. त्या मोहिमेतल्या एका कामगाराला कंपनीने कामावरून काढलं. मे २०१८ मध्ये मस्क यांनी ट्विटरवर विचारलं, की वर्गणी भरून शेअरचा हक्क फुकट का घालवायचा? राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २०२१ मध्ये ही धमकी ठरवली, ट्वीट काढायला आणि त्या कामगाराला परत घ्यायला सांगितलं. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ९ विरुद्ध ८ अशा निसटत्या बहुमताने ते ट्वीट भाषणस्वातंत्र्यात बसवलं आणि मंडळाचा आदेश रद्द केला. इतकी वर्षं निकालाची वाट पाहत कोणता कामगार हिमतीने पुढे येईल?

शेअर हवेत की युनियन, ही निवडच मुळात खोटी आहे. टेस्लाच्या शेअरमुळे काही कामगारांच्या हाती बरा पैसा आला, हे मान्य करायला हवं. पण युनियन असलेल्या फोर्डमध्ये २०२३ च्या नफ्यातला कामगारांचा सरासरी वाटा १०,००० डॉलरहून अधिक होता. चाकणकरांना तर हे वेगळं सांगायला नको. २०१३ मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातल्या कामगारांनी माणशी ५०० शेअर एक रुपया दराने मागितले होते, आणि ही मागणी युनियनमार्फतच आली होती. सुमारे ५० दिवसांनी संप मागे घेतला गेला. शेअर मिळाले नाहीत.

युनियन आली की दर्जा घसरतो, हा समज खोडायला फ्रीमाँटहून चांगली जागा सापडणार नाही. जनरल मोटर्सचा हा कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. गैरहजेरी, रोजचे तंटे आणि सदोष गाड्या यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. दोन वर्षांनी टोयोटाने जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तो 'नुम्मी' या नावाने पुन्हा उघडला. बहुतेक कामगार जुनेच, युनियनही तीच. बदलली ती वागवण्याची रीत. चूक दिसली तर कोणाही कामगाराने दोरी ओढून लाईन थांबवावी, अशी मुभा मिळाली. त्याच हातांनी बांधलेल्या गाड्या थोड्याच काळात टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या तोडीच्या होऊ लागल्या. २०१० मध्ये नुम्मी बंद झाली ती जनरल मोटर्स दिवाळखोरीत जाऊन भागीदारीतून बाहेर पडल्यावर. सुमारे ४,७०० जणांचं काम गेलं आणि त्याच वर्षी टेस्लाने ती वास्तू घेतली.

इलेक्ट्रिक गाडीत सुटे भाग कमी, म्हणून माणसंही कमी लागणार आणि युनियनचे दिवस संपणार, असं भाकीत अनेकदा केलं जातं. इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम घटतं, यात शंका नाही. पण बॅटरीचे प्रचंड कारखाने नव्याने उभे राहतात. प्रश्न असतो, तिथली माणसं कोणत्या करारावर घेतली जातात. ओहायोत जनरल मोटर्सच्या भागीदारीतला 'अल्टियम सेल्स' हा बॅटरी कारखाना मूळ कंपनीच्या कराराबाहेर होता आणि तिथे ताशी १६.५० डॉलरपासून सुरुवात होत असे. डिसेंबर २०२२ मध्ये कामगारांनी ७१० विरुद्ध १६ मतांनी युनियन आणली. पुढच्या वर्षीच्या यूएडब्ल्यूच्या मोठ्या संपानंतर जनरल मोटर्सने बॅटरी कामगारांना मुख्य कराराखाली घेणं कबूल केलं. त्या संपाचा फायदा युनियन नसलेल्यांनाही झाला: जानेवारी २०२४ मध्ये टेस्लाने अमेरिकेतल्या कामगारांचे पगार वाढवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टेनेसीतल्या चॅटानूगा इथे फोक्सवॅगनची आयडी-४ ही इलेक्ट्रिक गाडी बांधणाऱ्या कारखान्यात २,६२८ विरुद्ध ९८५ मतांनी युनियन आली.

जर्मनीबद्दलचा घोळ वेगळा. बर्लिनजवळच्या ग्रुनहाइडे इथे टेस्लात कामगारांनी निवडलेली कारखाना समिती आहे, म्हणून तिथे युनियनचा प्रश्न सुटला असं मानलं जातं. पण समिती आणि युनियन एक नव्हे. मार्च २०२४ च्या निवडणुकीत 'आयजी मेटाल' ही युनियन सर्वांत मोठा गट ठरली, तरी ३९ पैकी १६ जागाच तिच्याकडे आल्या. त्याच वर्षी आजारपणाच्या रजेवरच्या काही कामगारांच्या घरी व्यवस्थापनाची माणसं जाऊन धडकली. आजारी माणसाच्या दाराशी साहेबाने चौकशीला उभं राहावं, याचं कोणतंही समर्थन पटत नाही.

उरला चिनी कंपन्यांचा मुद्दा. त्यांच्याकडे कामगारांचे हाल हा त्यांचा स्वभावच, असं सर्रास बोललं जातं. ब्राझीलमधला प्रकार भयंकर होता, यात वाद नाही. बाहिया राज्यातल्या कामासारी इथे बीवायडी या चिनी मोटार कंपनीच्या कारखान्याचं बांधकाम चालू असताना डिसेंबर २०२४ मध्ये तपासणी झाली आणि १६३ चिनी मजूर गुलामीसदृश अवस्थेत सापडले. गादीविना खाटा, ३१ जणांत एक संडास, पासपोर्ट काढून घेतलेले. मजूर ठेकेदाराचे होते, पण सरकारी कामगार वकिलांनी मे २०२५ मध्ये २५.७ कोटी रियाल भरपाईचा दावा लावला तो ठेकेदारांबरोबर बीवायडीवरही. मात्र याच बीवायडीच्या कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टर इथल्या इलेक्ट्रिक बस कारखान्यात २०१७ मध्ये 'स्मार्ट' ही युनियन आली. नव्या भरतीत ४० टक्के जागा आजवर कारखान्यांच्या दाराबाहेर राहिलेल्यांना द्यायच्या, असा लेखी करारही कंपनीने त्याच वर्षी एका नागरी संस्थेबरोबर केला.