वारसाने आलेली बंदूक आणि पिकांचे संरक्षण

धाराशिव जिल्ह्यातील जुन्या घरांतून आजही एखादी बंदूक किंवा रायफल कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली आढळते. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी काही मातबर घराण्यांकडे हत्यारे असत आणि माळरानावरील शिकार ही हौसेची बाब समजली जाई. पुढे वडीलधारी व्यक्ती निवर्तते, हत्यार मुलानातवांकडे येते, तुरीत व हरभऱ्यात रानडुकरे शिरू लागतात आणि ती बंदूक पुन्हा कामास लावावी असा विचार घरात सुरू होतो. हा विचार स्वाभाविक आहे. परंतु त्यातील पायऱ्यांचा क्रम चुकल्यास पीक वाचण्याऐवजी कुटुंबच संकटात सापडते. म्हणून आधी परवाना, मग हत्याराची तपासणी आणि सर्वांत शेवटी वापर, हा क्रम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

परवाना वारसाने मिळत नाही

बंदूक वारसाने येते. परवाना मात्र परवानाधारकाबरोबरच संपतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे हत्यार बाळगणे कोणत्याही कारणाने कायदेशीर राहिले नाही, तर ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. मृत्यूनंतर प्रथम पोलीस ठाण्यास कळवावे, हत्यार जमा करावे आणि पावती जपून ठेवावी. जमा केलेले हत्यार कुटुंबाने गमावले असे होत नाही. विहित मुदतीत वारसाने परवाना मिळविल्यास ते परत मिळते, किंवा परवानगी असलेल्या व्यक्तीस विकता येते.

वारसाचा अर्ज शस्त्र नियम, २०१६ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, इतर वारसांची संमती, पोलीस अहवाल व सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ही त्यातील मुख्य कागदपत्रे होत. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनपेक्षा अधिक बंदुका बाळगता येत नाहीत. वारसाने आलेल्या बंदुकाही या मोजणीतून सुटत नाहीत.

हत्याराचा प्रकारही महत्त्वाचा आहे. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती अपुरी पडते अशी खात्री पटल्यास किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो. रायफलीचा मात्र या तरतुदीत समावेश नाही; तिच्यासाठी परवाना देण्याजोगे सबळ कारण दाखवावे लागते.

‘बंदूक गंजलेली आहे, तिला परवाना कशाला?’ असा एक समज खेड्यापाड्यांत आढळतो. जे हत्यार दुरुस्त करूनही चालू शकणार नाही, अशाच हत्याराला कायद्याने सूट दिली आहे. केवळ गंज चढला म्हणून ही सूट लागू होत नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

शिकारीचे दिवस संपले

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौसेची शिकार देशात पूर्णपणे बंद झाली आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याचा परवाना नव्हे. काळवीट व चिंकारा हे पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहेत. त्यांनी उभे पीक खाल्ले तरी केवळ त्या कारणासाठी त्यांना मारण्याची परवानगी देता येत नाही. रानडुक्कर किंवा रोही यांच्यापासून पिकास उपद्रव होत असेल, तर कलम ११ खाली वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. अशा परवानगीने मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. त्याचे मांस खाणे, वाटणे वा विकणे हा गुन्हा होतो.

हत्याराची तपासणी

ठासणीची जुनी बंदूक अनेकदा भरलेल्या अवस्थेतच ठेवलेली असते. कोरडी राहिलेली काळी दारू अनेक दशकांनंतरही पेट घेऊ शकते. म्हणून प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजून वागावे. नळीचे तोंड कोणाकडेही रोखू नये, घोडा चढवून पाहू नये आणि नळीत डोकावू नये. पोलीस ठाण्यास कळवितानाच ‘बंदूक भरलेली असण्याचा संभव आहे’ असे स्पष्ट सांगावे. जाणकार कारागीर नळीत लाकडी काठी सोडून तिच्या तोंडाशी खूण करतो व ती काठी बाहेरून नळीशी ताडून पाहतो. काठी मागील टोकापर्यंत पोहोचत नसेल, तर आत दारू व छर्रे किंवा अन्य अडथळा आहे असे समजावे. तो उकरून काढण्याचा प्रयत्न घरी करू नये.

दुरुस्तीचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. गावातील लोहार कितीही कुशल असला, तरी परवान्याशिवाय त्याला बंदूक दुरुस्त करता येत नाही. नळी कापून आखूड करणे हाही गुन्हा आहे. कारागिराकडून नळीतील खड्डे, फुगवटा, भेगा, चाप व घोड्याची पकड आणि दस्त्याचा चिरा यांची तपासणी करून घ्यावी. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून बनविलेल्या जुन्या नळ्या काळ्या दारूच्या काळातील असतात. आधुनिक काडतुसाचा दाब त्यांना सोसत नाही. जुन्या बारा बोर बंदुकीचे घर अडीच इंचाचे असेल, तर त्यात पावणेतीन इंचाचे काडतूस घालू नये. ते आत बसल्यासारखे दिसते. परंतु उडताना दाब वाढून नळी फुटण्याचा धोका असतो. कारागिराने बंदूक निकामी ठरविल्यास ती वापरण्याचा विचार सोडून द्यावा.

निगा

काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषून घेते व नळीस गंज चढविते. म्हणून वापरानंतर नळी गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्यावा. करडईचे तेल लोखंडी भागांस लावू नये. ते सुकून चिकट बनते व कळ अडकते. जवसाचे तेल लाकडी दस्त्यास मात्र उपयुक्त असते. बंदूक व काडतुसे वेगवेगळी, कुलपात आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

बंदुकीवाचून संरक्षण

रायफलीची गोळी मैलभराहूनही दूर जाऊ शकते. मोकळ्या माळावर, वस्त्या शेतात विखुरलेल्या असताना, रात्री हलणाऱ्या पिकावर झाडलेली गोळी शेजारच्या राखणदारास लागू शकते. म्हणून बंदूक हा शेवटचाच उपाय समजावा. शेजारच्या शेतकऱ्यांनी पाळीपाळीने राखण करणे व सौर कुंपण उभारणे हे उपाय अधिक निर्धोक आहेत. सौर कुंपणातून थोड्या थोड्या वेळाने सौम्य धक्का बसतो. कुंपणास थेट वीज सोडणे मात्र प्राणघातक व बेकायदेशीर आहे. नुकसान झाल्यास विलंब न लावता वन विभागास कळवून पंचनामा करून घ्यावा, म्हणजे भरपाईचा अर्ज करता येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती ग्रामसभेत समजावून सांगावी. ज्या घरी असे जुने हत्यार असेल, तेथे कुटुंबास धाक न दाखविता ते जमा करण्यास व अर्ज लिहिण्यास साहाय्य करावे. पूर्वजांची आठवण पावतीसह सुरक्षित राहू शकते. फुटलेल्या नळीने गेलेला हात मात्र परत येत नाही.