दसऱ्यापासून दत्तजयंतीपर्यंत : सारंगखेड्याच्या घोड्यांची हिवाळी तयारी

निवृत्तीनंतर मालवणात परतलो तेव्हा शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टरांनू, तुमका घोडे खंय गावले?" प्रश्न रास्त होता. आमच्या किनाऱ्यावर गुरे, म्हशी, शेळ्या, कोंबड्या. घोडा दिसलाच तर एखाद्या वरातीत. मी उत्तर दिले, "फुरसा चावला की जा इंजेक्शन घेतास, ता घोड्याच्या रगतापासूनच करतत." सापाचे विष अल्प मात्रेत टोचलेल्या घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि त्यांपासून आपले प्रतिविष बनते. म्हणजे फुरशांच्या या जिल्ह्यात घोडा नसला, तरी घोड्याचे ऋण आहेच.

पशुवैद्यक म्हणून माझ्या नोकरीची बरीच वर्षे नंदुरबार जिल्ह्यात गेली. त्या जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठी सारंगखेडा आहे. तिथे एकमुखी दत्ताचे देऊळ आहे आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, यात्रा सुरू होते. आमच्याकडे आंगणेवाडीची जत्रा म्हटले की मुंबईचा चाकरमानी रजा टाकतो. सारंगखेड्याला राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडेवाले येतात. कानांची टोके एकमेकांना टेकणारा मारवाडी, काठेवाडी, पांढराशुभ्र नुकरा असे घोडे रांगेने उभे असतात. गेली काही वर्षे तिथे चेतक फेस्टिव्हलही भरतो. चाल, नाच, रूप यांच्या स्पर्धा होतात आणि त्यांवर घोड्याची किंमत चढते-उतरते. पारखी माणसे पंचकल्याणी आहे का, देवमण कुठे आहे, भोवरे शुभ की अशुभ हे पाहतात. सामान्य गिऱ्हाईक मात्र आधी अंगावरची तकाकी पाहते.

या तकाकीसाठी जे केले जाते, त्यातले चांगले आणि वाईट दोन्ही मी जवळून पाहिले. एक वाईट माझ्या डोळ्यांदेखत घडले आणि ते मला वेळेवर दिसले नाही. त्याबद्दल पुढे सांगतोच.

केसांचे पंचांग

यात्रेची वेळ घोड्याच्या केसांना मुळीच सोयीची नाही. थंडी वाजली की केस वाढतात असे आपण समजतो. थंडीचा परिणाम होतो, पण मुख्य हुकूम दिवसाच्या लांबीचा असतो. दक्षिणायन सुरू झाले की दिवस आखडत जातो. डोळ्यांतून मेंदूला त्याची खबर लागते, मेलाटोनिनचा काळ लांबतो आणि दाट केस उगवू लागतात. सारंगखेड्याच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो, तर डिसेंबरात पावणेअकरा तासांचा. युरोपाइतका हा फरक मोठा नाही, तरी घोड्याला तो कळतो. मार्गशीर्ष पौर्णिमा बहुधा डिसेंबरात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांच्या आसपास येते. म्हणजे प्रदर्शन नेमके तेव्हा, जेव्हा अंगावरचे केस सर्वांत दाट आणि निस्तेज असतात.

परदेशातले पागेवाले यावर तबेल्यात दिवे लावतात आणि दिवस-उजेड मिळून सोळा तासांचा 'दिवस' करतात. पण त्याचा परिणाम दिसायला आठ-दहा आठवडे लागतात. शेवटच्या पंधरवड्यात दिवे लावून किंवा जाड झूल घालून केस गळत नाहीत. आपल्याकडे दसऱ्याला घोड्याची पूजा होते. दसरा ते दत्तजयंती हे अंतर सुमारे नऊ आठवड्यांचे आहे. माझ्या मते खरी तयारी पूजेच्या दुसऱ्या दिवशीच सुरू व्हावी.

खरारा आणि झूल

केसांची चमक त्वचेतून पाझरणाऱ्या तेलकट स्रावामुळे येते. रोज अर्धा-पाऊण तास खरारा केला की मेलेले केस आणि कोंडा निघतो आणि हा स्राव केसाच्या टोकापर्यंत पोचतो. शांपूने वारंवार धुतल्यावर तो निघून जातो. मग वरून खोबरेल चोपडतात आणि त्यावर यात्रेची धूळ बसते. थंडीत आंघोळ एखाद-दुसरीच असावी, तीही भर दुपारी, कोमट पाण्याने आणि अंग पूर्ण कोरडे करून. मिशांसारखे तोंडाभोवतीचे लांब केस कापू नयेत. अंधारात आणि चाऱ्यात घोडा त्यांनीच चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून असे केस कापलेले घोडे स्पर्धेतून बाद ठरवले. मारवाडीचे कान उठून दिसावेत म्हणून कानांच्या आतले केसही साफ करतात, तेही टाळावे. ते केस किडे आणि धूळ अडवतात.

खानदेशात डिसेंबरची रात्र १० अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी पारा तिशीकडे जातो. मालवणच्या माणसाला हा झोका ठाऊक नसतो. रात्रीची झूल दुपारी तशीच राहिली तर घोडा आतून घामेजतो आणि संध्याकाळी त्याच ओल्या झुलीत गारठतो. ऊन चढले की झूल काढायची. तबेल्याला वाऱ्याचा झोत नको, पण दारे-खिडक्या बंद करून मुताचा उग्र वासही कोंडू नये. त्या वासाने खोकला लागतो.

ऊब चाऱ्यात असते

"थंडी आहे, चंदी वाढवा," असे सर्रास म्हटले जाते. घोड्याचे पोट याला साथ देत नाही. त्याचे जठर आठ ते पंधरा लिटरचे असते आणि त्याला उलटी करता येत नाही. ऊब निर्माण होते ती मागच्या मोठ्या आतड्यात, चाऱ्यातले तंतू आंबताना. म्हणून थंडीत आधी कोरडा चारा वाढवावा. चारशे किलोच्या घोड्याला रोज सहा ते आठ किलो, थोडा थोडा, रात्रीही. चंदी दोन-तीन वेळांत वाटून द्यावी, एका वेळी दोन किलोंच्या आत. जवस केसांना चांगले, पण ते उकळून द्यावे. कच्चे भिजवलेले जवस विषारी ठरू शकते.

पाण्याकडे सर्वांत कमी लक्ष असते. घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. पहाटेचे गारठलेले पाणी तो तोंड लावून सोडतो. वर कोरडा कडबा खाल्ला की आतड्यात गोळा अडकतो आणि पोटशूळ उठतो. कोमट पाणी आणि चंदीत चमचा-दोन चमचे मीठ एवढ्यानेही बराच धोका टळतो.

एक घोडी

आता ती गोष्ट. एका शेतकऱ्याची चार वर्षांची कुमाईत घोडी होती, घरच्या शिंगरापासून वाढवलेली. तिच्या विक्रीवर मुलीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज अवलंबून होते. यात्रेच्या दहा दिवस आधी मी तिला पाहिले. अंग भरलेले, केस आरशासारखे. मी म्हणालो, "छान धरलंय अंग." तो खूश झाला. तीन आठवड्यांत त्याने चंदी दोन किलोंवरून सहावर नेली होती, वर हरभरा आणि गूळ. घोडी दमू नये, अंगावर ओरखडा येऊ नये, म्हणून रपेट बंद करून ती आगाडी-पिछाडीला बांधून ठेवली होती. हे मी विचारले नाही. मानेवरची चरबी आयाळीखाली कडक झाली होती, तिथे हात लावला नाही. खुरे गरम आहेत का, पाहिले नाही.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो मला बोलवायला आला. घोडी पुढचे पाय पुढे टाकून, सारा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती. पाऊल उचलेना. लॅमिनायटिस. न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात गेले की तिथे आम्ल वाढते, विषारी द्रव्ये रक्तात उतरतात आणि खुराचे कवच आतल्या हाडाला धरून ठेवणारा थर सुजतो. घोड्याचे सगळे वजन त्याच थरावर तोललेले असते. चंदी बंद केली, घोडी मऊ वाळूवर उभी केली, पायांवर गार पाणी सोडले, वेदनाशामक दिले. घोडी वाचली, पण सौदा मोडला. तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

त्यानंतर मी घोडा तपासताना चमक शेवटी पाहू लागलो. आधी खूर, मग खुराच्या वरची नाडी, मग मान, मग बरगड्या. बरगड्या दिसू नयेत, पण बोटांना लागाव्यात. तयारीच्या घोड्याला रोज रपेट हवीच, आधी पाऊल चाल, मग दुडकी. नालबंदाला सहा आठवड्यांनी बोलवावे आणि नवे नाल यात्रेच्या निदान आठवडाभर आधी ठोकावेत. धनुर्वाताची लस चुकवू नये. ट्रकमध्ये डोके उंच बांधून रात्रभर आणलेल्या घोड्याच्या फुप्फुसात कफ साठतो. वाटेत दर काही तासांनी त्याला मान खाली घालू द्यावी. ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला घेतल्याशिवाय कोणत्याच यात्रेला जाऊ नये. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो. पागेवाल्यांना हा दाखला म्हणजे सरकारी कटकट वाटते. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या घोड्याच्या दृष्टीने ते संरक्षण आहे.

तो शेतकरी दोन वर्षांनी पुन्हा यात्रेत भेटला. कर्जाचे त्याने दुसरे काहीतरी केले होते, लग्नही झाले होते. घोडी त्याने विकली नव्हती. तिच्यामागे कुमाईत रंगाचे शिंगरू होते. केस हिवाळ्याचे, जरा राठच. मी तिचे पुढचे पाय उचलून पाहिले, खुरे थंड होती. "दसऱ्यापासून रोज फिरवतो," तो म्हणाला, "चंदी दोनच किलो." मी शिंगराच्या मानेवर हात फिरवला आणि या वेळी अंगाबद्दल काही बोललो नाही.