दोनशे मीटरांचा कायदा

(आमच्या वार्ताहराकडून)

पोर्ट ऑगस्टा, दक्षिण ऑस्ट्रेलिया : १८६२ साली हा खंड दक्षिणेकडून उत्तरेस ओलांडणाऱ्या जॉन मॅकडूअल स्टुअर्ट यांचे नाव धारण करणारा महामार्ग या गावातून निघून थेट डार्विन बंदरास जातो, आणि त्यावर धावणाऱ्या पुष्कळ वाहनांच्या पुढील लोखंडी आडणीवर मूळच्या दिव्यांखेरीज दोन-चार प्रचंड दिवे बसविलेले असतात. जादा दिवे म्हणजे हौशी मालकाची मिजास, अशी माझी समजूत होती. घाटात समोरच्याने डिपर न देता आपले डोळे दिपवावेत आणि आपण त्याच्या नावाने बोटे मोडावीत, एवढाच माझा त्यांच्याशी परिचय.

तो पूर्वग्रह या मुलखात एका रात्रीत गळून पडला. ग्लेंडॅम्बो आणि कूबर पेडी यांमधील अडीचशे किलोमीटरांत ना गाव, ना पेट्रोलपंप. मात्र सूर्य कलला की कांगारू चरावयास बाहेर पडतात आणि कोणतीही पूर्वसूचना न देता रस्त्यावर उडी घेतात. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला तीस मीटर कापते, खाली झुकविलेल्या साध्या दिव्याचा उजेड जेमतेम साठ-सत्तर मीटर पोहोचतो, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सेकंदभर सरतो. सबब जनावर दिसणे आणि त्यावर आदळणे यांत फारसे अंतर उरत नाही. वस्तीबाहेर रात्री गाडी हाकण्यास भाड्याच्या मोटारींच्या करारनाम्यांत पुष्कळदा मनाई असते, ती उगीच नव्हे.

तथापि प्रकाशाचा हिशेब मोठा महाग आहे. पल्ला दुप्पट करावयाचा तर तेज चौपट लागते. म्हणून स्वतःच्या सोयीपेक्षा समोरच्याची गैरसोयच झपाट्याने वाढते. शिवाय धुरळ्यात जादा दिव्यांचा झोत पांढऱ्या भिंतीसारखा परततो, दिशाफलकांवरून उलटून स्वतःच्याच डोळ्यांत शिरतो, आणि तो मालविताच सरावलेल्या नजरेस पूर्वीपेक्षा गडद अंधार भासतो. दूरवर दिसते म्हणून वेग वाढविण्याचा मोह होतो तो निराळाच. मग दिव्याने मिळवून दिलेले अंतर वेगच गिळून टाकतो.

यावर येथील कायद्याचा बंदोबस्त साधा आहे : जादा दिवे मुख्य दिव्यांच्या उंच झोताबरोबरच लागावेत, आणि समोरचे किंवा पुढे चाललेले वाहन २०० मीटरांच्या आत आले की तो झोत बंद व्हावा. परंतु दोन वाहने परस्परांकडे ताशी ११० किलोमीटर वेगाने धावत असता दोनशे मीटरांचे अंतर सव्वातीन सेकंदांत संपते, हे ध्यानी घेतले म्हणजे हा कायदा केवळ सभ्यतेची किमान मर्यादा आखतो, असेच म्हणावे लागेल.

त्या रात्री समोर दिवा असा दिसतही नव्हता, क्षितिजाच्या कडेला फक्त फिकट उजळी पसरली होती, तोच गाडी हाकणाऱ्या माझ्या यजमानांनी आपले दिवे उतरविले. पलीकडची उजळीही लगोलग मंदावली. बऱ्याच अवकाशाने पन्नास मीटरांहून लांब अशी मालडब्यांची रांग एकाच ट्रकमागे घरघरत निघून गेली आणि आमची मोटार तिच्या वाऱ्याने हलली. एवढ्या लवकर दिवे का उतरविले, असे विचारता यजमान उत्तरले, “तो रात्रभर एकटाच चालवतो आहे.”