प्रक्रियकाच्या विद्युत् दाबाचे समायोजन

संगणकाच्या प्रक्रियकाला पुरविला जाणारा विद्युत् दाब उत्पादकाने ठरविलेल्या मूल्यापेक्षा थोडा कमी वा अधिक करून गती आणि तापमान यांचा मेळ घालण्याची क्रिया. प्रक्रियक निर्धारित कंप्रतेपेक्षा अधिक कंप्रतेवर चालविण्यास ‘ओव्हरक्लॉकिंग’, तर दाब कमी करण्यास ‘अंडरव्होल्टिंग’ म्हणतात.

प्रक्रियकातील ट्रँझिस्टरांची उघडमीट होताना खर्ची पडणारी शक्ती कंप्रतेच्या सम प्रमाणात, परंतु दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे दाब १·३० व्होल्टवरून १·२० व्होल्टवर आणल्यास कंप्रता तीच राहूनही ही शक्ती सु. १५ टक्क्यांनी घटते. उलट, कंप्रता वाढविली की ट्रँझिस्टरांना स्थिती बदलण्यास कमी वेळ मिळतो व त्यासाठी अधिक दाब लागतो. म्हणजे उष्णता दोन्ही कारणांनी वाढते. एकाच नमुन्याच्या दोन प्रक्रियकांनाही नेमका सारखा दाब लागत नाही. त्यांतील दुबळा नगही चालावा म्हणून कारखान्यात दाब काहीसा चढा ठेवलेला असतो. समायोजनाला वाव मिळतो तो यामुळेच.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत या गणितात उन्हाळ्याची भर पडते. पंख्याने थंड होणारा प्रक्रियक खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. समजा, १०० वॉट शक्ती खर्च करताना एखादा प्रक्रियक हवेपेक्षा ६०° से.ने अधिक तापतो. जानेवारीत खोलीचे तापमान २५° से. असता तो ८५° से.वर राहील, मे महिन्यात खोली ४०° से.वर गेल्यास तोच १००° से.ला पोहोचेल. पुष्कळ प्रक्रियकांची तापमानमर्यादा ९५° ते १००° से. असते. ती गाठताच प्रक्रियक आपली कंप्रता आपणच उतरवितो आणि वाढविलेली गती ऐन कामाच्या वेळी नाहीशी होते. शक्ती ८५ वॉटवर आणल्यास तापमान सु. ९१° से. राहते. हिवाळ्यात निश्चित केलेली मूल्ये उन्हाळ्यात पुन्हा तपासावी लागतात ती यासाठी.

दाब सु. ०·०१ व्होल्टच्या टप्प्यांनी उतरवून प्रत्येक टप्प्यावर प्रक्रियक काही तास पूर्ण भाराखाली चालवितात. भार एकाएकी वाढला की दाब क्षणभर खचतो, म्हणून बदलत्या भाराचीही चाचणी आवश्यक असते. अस्थिर संगणक बंद पडला तर दोष निदान उघड तरी होतो. तो बंद न पडता चुकीची आकडेमोड करून तीच साठवीत राहणे अधिक घातक होय. त्यामुळे पहिला दोष आढळताच एकदोन टप्पे मागे येणे इष्ट.

अतिरिक्त दाबाने होणारी झीज भरून येत नाही. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही प्रक्रियकांच्या अस्थिरतेचे कारण प्रमाणाबाहेरचा दाब हे असल्याचे त्या कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले व सुधारित आज्ञावली पुरविली. आधीच बिघडलेले नग मात्र तिने दुरुस्त होत नाहीत. दाब मुद्दाम उतरवून प्रक्रियकातील संरक्षित गणनेत चुका घडविता येतात, असे २०१९ मध्ये उघडकीस आल्यावर अनेक लॅपटॉप संगणकांत ही सोय बंद करण्यात आली.