वराहपालनातील उत्पादकता : संकर, माज आणि पिल्लांची निगा

प्रस्तावना

२०१९ मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील डुकरांची संख्या सुमारे ९० लाख ६० हजार होती. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे १२ टक्क्यांची आहे. त्यानंतर २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन वराहज्वराचा देशातील पहिला प्रादुर्भाव नोंदविला गेला. अशा स्थितीत एका डुकरिणीमागे वर्षाला किती पिल्ले दूध तुटेपर्यंत जगतात, हा निकष महत्त्वाचा ठरतो. सुधारणेचा विचार मात्र बहुधा परदेशी नर आणण्यापाशी सुरू होतो आणि तेथेच थांबतो. प्रस्तुत लेखात पैदास व व्यवस्थापन यांचा परस्परसंबंध मुख्यतः गोव्याच्या संदर्भात मांडला आहे.

संकर आणि त्याची मर्यादा

काणकोण तालुक्यातील आगोंद गावावरून नाव मिळालेली ‘आगोंद गोवन’ ही देशी जात कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंदलेली आहे. काळा रंग, लहान चण आणि परसात मिळेल त्यावर जगण्याची क्षमता ही तिची ओळख. याउलट लार्ज व्हाइट यॉर्कशायर झपाट्याने वाढते. पण तिला पुरेसा खुराक, सावली व पाणी द्यावे लागते.

सर्व गुण सारख्याच प्रमाणात वारशाने येत नाहीत. वाढीचा वेग व पाठीवरील चरबीची जाडी यांची अनुवंशिकता मध्यम ते उच्च असते. त्यामुळे वजन करून नर निवडल्यास पुढील पिढीत फरक दिसतो. एका वेताला होणाऱ्या पिल्लांच्या संख्येची अनुवंशिकता मात्र ०.१ च्या आसपास असते. म्हणजे डुकरिणींमधील फरकाचा जेमतेम दहावा हिस्सा निवडीच्या कक्षेत येतो. अशाच गुणांत संकराचा जोम ठळक दिसतो. गुवाहाटीजवळील राणी येथील राष्ट्रीय संशोधन केंद्राने हॅम्पशायर व घुंगरू यांच्या संकरातून ‘राणी’ हा वाण तयार केला, त्यामागे हेच तत्त्व आहे.

हा जोम टिकाऊ नसतो. पहिल्या पिढीतील संकरित नरमाद्यांचाच आपसांत संयोग झाला, तर पुढील पिढीत तो तत्त्वतः निम्मा उरतो. त्यातच नर स्वतःच्याच कळपातील ठेवण्याची प्रथा सर्रास आढळते. सख्ख्या भावंडांच्या संयोगात अंतःप्रजनन गुणांक २५ टक्क्यांवर जातो, पिल्ले अशक्त होतात आणि दोष मात्र संकराला दिला जातो. नर बाहेरून आणणे किंवा कृत्रिम रेतन करून घेणे हा त्यावरील उपाय. पहिला संकर पुन्हा मिळवायचा, तर शुद्ध देशी मादी हाताशी असावी लागते. आगोंद गोवनचे संवर्धन हा म्हणूनच निव्वळ भावनिक प्रश्न नाही. शुद्ध कळप संपला की संकराचा पायाच जातो.

रिकामे दिवस

गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा. पिल्ले ५६ दिवसांनी तोडली आणि नंतर आठवडाभरात मादी माजावर येऊन गाभण राहिली, तर चक्र १७७ दिवसांचे होते. वर्षाला दोन वेते मिळतात. एक माज चुकला की २१ दिवस वाढून चक्र १९८ दिवसांवर जाते आणि वार्षिक सरासरी १.८४ वेतांवर येते. पिल्ले ४२ दिवसांनी तोडल्यास हीच सरासरी २.२४ होते, मात्र पिल्लांना आधीपासून कोरड्या खाद्याची सवय हवी. या गणितात नवी जात कोठेच नाही.

माजावरील मादी पाठीवर दाब दिल्यास स्तब्ध उभी राहते. नर जवळ असताना ही खूण अधिक स्पष्ट दिसते. स्त्रीबीज माजाच्या उत्तरार्धात सुटत असल्याने माज दिसताच घाईने एकदाच संयोग घडविण्यापेक्षा साधारण १२ ते २४ तासांनी आणि पुन्हा १२ तासांनी तो घडविणे श्रेयस्कर.

पहिले काही दिवस

डुकरिणीच्या गर्भवेष्टनातून प्रतिपिंडे पिल्लांपर्यंत पोहोचत नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात, आणि आतड्यांतून ती शोषण्याची क्षमता पहिल्या दिवसभरातच ओसरते. दुर्बल पिल्लू सडापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणारे माणूस विण्याच्या वेळी हजर असावे. नवजात पिल्लाला ३० ते ३४ अंश सेल्सिअसची ऊब लागते, तर आईला त्याहून बराच गारवा मानवतो. ऊब नसली की पिल्ले आईला बिलगतात व तिच्याखाली चिरडली जातात. कोपऱ्यात दिवा लावलेली वेगळी जागा आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर आडवा दांडा एवढ्याने बरीच हानी टळते. पिल्लाला रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते, दुधातून मिळते जेमतेम १ मिलिग्रॅम. मोकाट पिल्लू माती उकरून थोडेफार लोह मिळवते. सिमेंटच्या कोठ्यात तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचे इंजेक्शन न दिल्यास पंडुरोग जवळजवळ ठरलेला. पक्का कोठा बांधण्यास कर्ज मिळते, पण ही बाब अनेकदा सांगायची राहून जाते.

खाद्य व उष्मा

हॉटेलांतील खरकटे हा स्वस्त आहार असला, तरी त्यातील मांसाच्या अवशेषांतून आफ्रिकन वराहज्वराचा विषाणू पसरू शकतो. असे खरकटे ढवळत पूर्ण उकळल्याशिवाय घालू नये. मांसमिश्रित खरकटे टाळणे अधिक सुरक्षित. किनारपट्टीच्या दमट उन्हाळ्यात नराची निगाही तितकीच महत्त्वाची. डुकराला घामाने शरीर थंड करता येत नाही. तीव्र उष्म्याने बिघडलेल्या वीर्याचा परिणाम पुढील काही आठवडे राहतो, त्यामुळे मे महिन्यात सावली व पाण्याचा शिडकावा चुकला, तर उलटलेल्या माद्या जूनमध्ये दिसतात.