ईश्वरी मुक्ती आणि कृतज्ञतेची उपासना : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
ख्रिस्ती उपासना म्हणजे ईश्वराकडून काही प्राप्त करून घेण्यासाठी केलेली आराधना, असा समज अनेकदा आढळतो. वस्तुतः बायबलमध्ये मुक्ती आधी आणि उपासना नंतर येते. प्रस्तुत लेखात हा क्रम स्पष्ट करून सातारा-सांगली परिसरात त्याला लाभलेल्या रूपाचा विचार केला आहे.

बायबलमधील आधार :
'निर्गम' ग्रंथात इस्राएल लोक तांबडा समुद्र ओलांडून मिसरच्या दास्यातून सुटतात. त्यानंतरच पंधराव्या अध्यायात मोशेचे स्तुतिगीत येते. दहा आज्ञांचा आरंभही याच सुटकेच्या स्मरणाने होतो. ११६ वे स्तोत्र मृत्यूच्या संकटातून वाचलेल्या भक्ताचे आहे. उपकारांची फेड कशी करावी, असा प्रश्न तो विचारतो आणि तारणाचा प्याला हाती घेतो. म्हणजे फेडीच्या आधी तो पुन्हा स्वीकारच करतो. याच स्तोत्रात नवस फेडण्याची भाषा आहे, ही बाब मराठी वाचकास जवळची वाटेल. तथापि नवस फेडल्याने उपकार संपत नाही. लूककृत शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात, पण आभार मानण्यास एकटा शोमरोनी परततो. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य काढून घेतल्याचा उल्लेख नाही. यावरून कृतज्ञता ही मुक्तीची किंमत नसून तिचा स्वीकार होय, असे म्हणता येते.

स्थानिक आविष्कार :
रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अभंग, भजन व कीर्तन यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले, त्यामुळे मराठी माणसाची कृतज्ञता त्याच्याच भाषेत व्यक्त होऊ लागली. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान होते. धर्मांतर लाभापोटी होते, या आक्षेपाच्या पार्श्वभूमीवर हा वेतनत्याग विशेष अर्थपूर्ण ठरतो. सांगली जिल्ह्यातील मिरज येथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. उपकारस्तुती ओठांपुरती न राहता रुग्णसेवेतूनही प्रकट होऊ शकते, याचा हा परिचित दाखला होय.

समारोप :
उपासना हा ईश्वराशी केलेला व्यवहार ठरला, तर संकटकाळी फळ न मिळताच ती खुंटते. ती कृतज्ञतेतून उगवली, तर गीत, त्याग व सेवा या तिन्ही रूपांत टिकून राहते.