जुन्या वस्तू आणि त्यांचे वर्णन

लिलाव हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. पोर्तुगीज शब्दाचे मूळ अरबीत असून तेथे त्याचा अर्थ ‘कळविणे’, ‘जाहीर करणे’ असा आहे. आज लिलाव म्हटले की आपल्याला हातोडीचा ठोका आणि ‘एकवार, दोनवार, तीनवार’ हा पुकारा आठवतो. परंतु मूळ अर्थाकडे पाहिले तर बोली हा लिलावाचा उत्तरार्ध होय. पूर्वार्ध असतो तो कळविण्याचा. विकावयाची वस्तू कोणती, कशाची, कोणाची आणि किती जुनी, हे आधी सांगावे लागते. दुकानात गिऱ्हाईक वस्तू उलटून-पालटून पाहते, बोटाने वाजवून पाहते. लिलावातील गिऱ्हाईक पुष्कळदा शेकडो कोसांवर असते. त्याच्यापुढे यादीतील आठ-दहा ओळी आणि एखाददुसरे छायाचित्र एवढेच असते. त्या ओळींच्या भरवशावर ते आपले पैसे लावते. जुन्या वस्तूंच्या बाबतीत तर या ओळी म्हणजे वस्तूच्या जन्माचा दाखलाच. त्या कशा लिहाव्या आणि कशा वाचाव्या, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

वर्णनाला कायद्यानेही मोठे स्थान दिले आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या १५ व्या कलमाप्रमाणे, वर्णन सांगून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. न्यायालयाच्या हुकुमाने होणाऱ्या विक्रीच्या जाहीरनाम्यात मालमत्तेचा तपशील शक्य तितका रास्त व अचूक असावा, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. सरकारी दप्तरात वावरणाऱ्या माणसाला या शिस्तीचा एक साधा नमुना नेहमी भेटतो. चोरीचा ऐवज हाती लागला म्हणजे पंचनाम्यात ‘सोन्याची साखळी’ असे सहसा लिहीत नाहीत. ‘पिवळ्या धातूची साखळी’ असे लिहितात. प्रथम ऐकणाऱ्याला याचे हसू येते. पण त्यात मोठे शहाणपण भरलेले आहे. पंचांनी पाहिला तो पिवळा रंग. ते सोने आहे किंवा नाही हे सराफाने कसोटीवर घासून ठरवावयाचे. आणि ती साखळी अमक्या बाईंच्या आजीची होती, ही त्या बाईंची जबानी. तीन गोष्टी तीन ठिकाणांहून आल्या. त्या तीन ठिकाणीच राहिल्या पाहिजेत.

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची जी साधने सांगितली त्यांत प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही आहेत. जुन्या वस्तूचे वर्णन याच तीन पायऱ्यांनी चढत जाते. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष; त्यावरून तर्काने काढले ते अनुमान; आणि दुसऱ्याने सांगितले म्हणून मानले तो शब्द. चांगला वर्णनकार या तिन्हींचा उपयोग करतो, मात्र एकीचे माप दुसरीच्या पदरात घालीत नाही.

प्रत्यक्षापासून आरंभ करू. वस्तू कोणत्या प्रकारची, कशाची केलेली, कोणत्या कृतीने घडविलेली, तिची लांबी-रुंदी-उंची व वजन काय, तिच्यावर कोणते लेख वा ठसे आहेत, हे सारे मोजण्याचे व वाचण्याचे काम आहे. तरीही पहिली ठेच येथेच लागते. आपल्या परिचयाचे उदाहरण शिवराईचे. तांब्याचे छोटे नाणे, एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे. इतके लिहिले तर ते प्रत्यक्ष झाले. पण ‘शिवाजी महाराजांच्या काळातील नाणे’ असे लिहिले की लेखकाने एक मोठी उडी घेतली. कारण महाराजांच्या नावाचा हा पैसा त्यांच्या मागे दीर्घकाळ, पेशवाईतही, अनेक टांकसाळींतून पडत राहिला. अक्षरांचे वळण, नाण्याचे वजन आणि खालच्या-वरच्या खुणा पाहूनच जाणकार त्याचा काळ ठरवितात. नाण्यावरचे नाव म्हणजे नाण्याचा काळ नव्हे. बाजारातल्या पुष्कळशा शिवराया या उत्तरकालीन असतात आणि त्या तशा म्हणून विकल्या गेल्या तर त्यात कोणाचाच अपमान नाही.

प्रत्यक्षाचा दुसरा भाग वस्तूच्या उणिवांचा. विकणाऱ्याला तो नकोसा वाटतो. कान तुटलेला, पाय नंतर जोडलेला, कडेला चीर गेलेली, मागची फळी बदललेली, हे लिहिले तर किंमत उतरेल अशी त्याला धास्ती असते. म्हणूनच ‘जशी आहे तशी’ या शब्दांच्या आड पुष्कळ काही लपविले जाते. शहाणा ग्राहक ते शब्द दिसताच अधिक सावध होतो. उलट सुधारणेच्या हौशीनेही नुकसान होते. चिंच-लिंबाने घासून लख्ख केलेले जुने नाणे संग्राहकाच्या दृष्टीने मोल गमावून बसते, कारण शतकाशतकांनी चढलेली त्याची काळसर झिलई पुन्हा आणता येत नाही. असे घासलेले असेल तर तेही वर्णनात यावयास हवे.

यानंतर अनुमान. येथे एकेका शब्दाचे वजन पाहावे लागते. मोठ्या लिलावघरांच्या याद्यांत चित्रकाराच्या नावाभोवती येणारे शब्द ठरीव अर्थाचे असतात आणि त्यांचा खुलासा यादीच्याच शेवटी छापलेला असतो. नुसते नाव दिले तर ते चित्र त्याच चित्रकाराचे आहे असे लिलावघराचे मत आहे. ‘अमुकाचे मानलेले’ म्हटले तर ते बहुधा त्याचे असावे. ‘अमुकाच्या वर्तुळातील’ म्हणजे त्याच्या काळचे, त्याच्या प्रभावाखालील कोणाचे तरी. ‘अमुकाच्या पद्धतीचे’ म्हणजे शैली त्याची, पण काळ पुढचा. ‘अमुकावरून’ म्हणजे त्याच्या चित्राची नक्कल. तसेच ‘सही केलेले’ आणि ‘सही असलेले’ यांतही अंतर आहे. पहिल्यात ती सही चित्रकाराची म्हणून पत्करलेली असते. दुसऱ्यात चित्रावर त्या नावाची अक्षरे आहेत, एवढीच कबुली असते. घाईने वाचणाऱ्याला ही सारी एकच नावे वाटतात, आणि किमतीत मात्र शंभर पटींचा फरक असू शकतो.

राजा रविवर्मा यांचे उदाहरण घ्या. ‘रविवर्म्याचे चित्र’ या दोन शब्दांत किती निरनिराळ्या वस्तू मावतात! एक म्हणजे त्यांनी स्वतः रंगविलेले तैलचित्र. १९७९ सालापासून त्यांच्या कलाकृती राष्ट्राचा कलाठेवा मानल्या जातात आणि त्या विक्रीसाठी देशाबाहेर नेता येत नाहीत. दुसरी वस्तू म्हणजे त्यांच्या छापखान्यातील रंगीत मुद्राचित्र. हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी घरोघरच्या भिंती आणि देवघरे भरून टाकली. ही चित्रे दगडावरून एकेक रंग उठवून छापीत आणि वर रोगण देत, त्यामुळे दुरून ती तैलचित्रासारखी दिसतात. तिसरा प्रकार अशा छापील चित्रावर हौसेने जर-टिकल्या शिवून त्यातील देवीला वस्त्रे नेसविल्याचा. चौथा, त्या चित्रांची पुढे इतरांनी केलेली छपाई. या चारही वस्तू आपापल्या जागी मोलाच्या आहेत. आजीच्या देवघरातले जरीचे चित्र तैलचित्र नाही म्हणून त्याची थोरवी कमी होत नाही. ते काय आहे हे स्पष्ट सांगितले, म्हणजे ते जपणारा योग्य माणूस त्याला भेटतो.

तिसरी पायरी शब्दाची, म्हणजे वस्तूच्या मागे चालत आलेल्या हकिकतीची. काही वस्तूंचे सारे मोल या हकिकतीतच असते. २०२० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात ब्रिस्टल येथील एका लिलावघरात महात्मा गांधींचा म्हणून एक चष्मा विकला गेला. कोणीतरी तो साध्या पाकिटात घालून त्या घराच्या पत्रपेटीत टाकला होता. दहा ते पंधरा हजार पौंडांचा अंदाज होता. बोली दोन लाख साठ हजार पौंडांवर गेली. डोळ्यांना दिसते ती सोन्याचा मुलामा दिलेली गोल चौकट. बाकी सारे उभे आहे ते एका कुटुंबात सांगितल्या जाणाऱ्या कथेवर, की घरातील एक पूर्वज दक्षिण आफ्रिकेत नोकरीस असताना त्यांना तो गांधीजींकडून मिळाला. चष्म्याची घडण आणि पूर्वजाच्या वास्तव्याची वर्षे या कथेशी जुळतात का, हे तपासता येते. परंतु कथा ती कथाच. वर्णनात ती ‘कुटुंबातील परंपरेनुसार’ या शब्दांनीच यावयास हवी. हे दोन शब्द गाळले की ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीचे सोंग घेते.

या तिन्ही पायऱ्या एकाच वस्तूत पाहावयाच्या असतील तर नागपूरकर भोसल्यांच्या तलवारीकडे पाहावे. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज या लिलावघरात ती निघाली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळविली आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला ती मुंबईस आली. तिचे पाते सरळ व युरोपीय बनावटीचे आहे, मुठीवर सोन्याचे नक्षीकाम आहे आणि पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरी लेख आहे : ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. हे प्रत्यक्ष. परदेशी पाते आणि देशी मूठ यांच्या अशा तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत, आणि लेखातही तोच शब्द आहे. नुसते ‘युरोपीय तलवार’ किंवा नुसते ‘मराठा तलवार’ म्हणणारा अर्धेच सांगेल. आता ही तलवार नागपूरच्या राज्याचे संस्थापक पहिले रघोजी यांची म्हणून ओळखली जाते. लेखात ‘पहिले’ हा शब्द नाही. त्या नावाचे पुरुष त्या घराण्यात पुढेही झाले आणि सेनासाहेब सुभा हा किताबही पुढे चालला. तेव्हा ‘पहिले’ हे घडणीवरून आणि काळावरून केलेले अनुमान आहे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांच्या हाती पडली असावी, असे म्हणतात, तोही तर्कच. असे वेगवेगळे करून सांगितल्याने तलवारीचे तेज कमी झाले काय? उलट पुढच्या अभ्यासकाला कोठून शोध घ्यावयाचा हे कळले.

कोणी म्हणेल, हा काटेकोरपणा श्रीमंत संग्राहकांच्या उपयोगाचा. आपणास काय त्याचे? याचे उत्तर तमिळनाडूतील श्रीपुरंदान गावचा नटराज देईल. चोळकालीन ती कांस्यमूर्ती देवळातून चोरीस गेली आणि २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती पन्नास लाख डॉलरांना विकत घेतली. विक्रेत्याने सोबत कागद दिले होते. मूर्ती १९७० च्या सुमारासच भारतातून रीतसर गेली होती, असे ते सांगत. ते कागद बनावट होते. हा काळ निवडण्यातही हिशेब होता, कारण आपला पुरावस्तू व कलाठेवा अधिनियम १९७२ चा आहे. खोटा शब्द उघडा पाडला तो प्रत्यक्षाने. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने देवळातील मूर्तींची छायाचित्रे पूर्वीच घेऊन ठेवली होती. त्यांतील खुणा परदेशातल्या मूर्तीशी पडताळून पाहता आल्या आणि २०१४ साली नटराज भारतात परतला. ज्या गावाजवळ असे छायाचित्र नाही, उंचीची नोंद नाही, त्या गावचा देव सापडला तरी तो आपलाच हे गावाने कसे सिद्ध करावे?

म्हणून वर्णन लिहिणे हे विकणाऱ्यापेक्षाही राखणाऱ्याचे काम आहे. १९७२ च्या अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांची वस्तू आणि मोलाचे पंचाहत्तर वर्षांचे हस्तलिखित या पुरावस्तू ठरतात. मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते अशा ठरावीक वर्गांची नोंदणी करावी लागते, परवान्यावाचून त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. पण कायद्याची वाट न पाहताही प्रत्येक घराला आणि देवळाला एक वही ठेवता येईल. आपण बडोद्यास असा वा बेळगावास, इंदूरास असा वा तंजावरास, घरात एखादी समयी, अडकित्ता, पोथी, पैठणी, पणजोबांचे घड्याळ असेलच. संग्रहालये व पोलीस यांच्यासाठी १९९७ साली जो आंतरराष्ट्रीय नमुना प्रसिद्ध झाला, त्यातही याहून अवघड काही नाही. वस्तूचा प्रकार, धातू वा लाकूड, माप, लेख, काळ, घडविणारा आणि विशेष खुणा, इतके लिहावे. चारही बाजूंनी छायाचित्रे काढावी. खुणा लिहिताना पोचा, चीर, डाग मुद्दाम नोंदवावे. विकताना ज्या उणिवा झाकाव्याशा वाटतात, त्याच हरवल्यावर वस्तूची ओळख पटवितात. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तिची हकिकत विचारून, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून ती वेगळ्या पानावर उतरून घ्यावी.

ज्या दिवशी सराफाची कसोटी लागेल त्या दिवशी पिवळ्या धातूच्या पुढे सोने हा शब्द लिहिता येईल. तोपर्यंत पिवळा धातू असेच लिहिलेले बरे. पुढच्या पिढीला आपण वस्तू देऊ न देऊ, तिची खरी नोंद तरी निश्चित देऊ शकतो.